माळ्यावरचं ऊन

१

“जगातलं कुठलंही बी आणा, या हातांनी उगवलं नाही असं व्हायचं नाही,” एप्पो म्हणाला. मग कॉफीचा घोट घेतला आणि आपणच पुढे जोडलं, “गेल्या वर्षीचा घेवडा सोडून. मुळाही सोडा. मुळा शाळेतली पोरं ओल्या कापसावर उगवून दाखवतात, माझा वाफ्यात उगवला नाही.”

“आणि माझ्या आईने दिलेलं जिरेनियम,” त्याची बायको फ्राउके म्हणाली आणि तिने बिस्किटांच्या डब्याला झाकण लावलं. एका कॉफीला एक बिस्कीट, हा आमच्या ग्रोनिंगनकडचा कायदा. पाहुणा राजा असला तरी दुसऱ्या बिस्किटाच्या वेळी त्याला झाकणच दिसतं.

पाहुणी होती फालेस, दोन घरं सोडून राहणारी. मलावीतून इथे येऊन तिला छत्तीस वर्षं झाली होती. त्यातली तीस गावच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेली. आमच्या निम्म्या गावाच्या आईबापांना तिने शेवटचा घास भरवलाय, त्यामुळे तिच्यासमोर कुणी फार फुशारकी मारत नाही. एप्पो तेवढा मारतो.

फालेसने पर्समधून खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढली आणि टेबलावर उघडली. आत एकोणीस बिया होत्या. मिरीहून लहान, राखेच्या रंगाच्या, अंगावर बारीक काळे पट्टे.

“आमच्या तळ्यावरच्या टेकडीचा गांजा,” ती म्हणाली. “माझे बाबा लावायचे. त्यांच्या आधी त्यांचे काका. कळ्या मक्याच्या सालीत घट्ट बांधून ठेवायचे, सहा महिने. तुमच्या दुकानात मिळतो तो काय, नुसता वास. आमचा माणसाला बसवून त्याच्याकडून गाणं म्हणवून घेतो.”

“मग एप्पोला नको,” फ्राउके म्हणाली. “तो बिनगांज्याचाच गातो.”

“भाचा लिहितो, टेकडीवर आता सगळे विकतचं बियाणं लावतात. आमचं गावरान वाण कुणाकडेच उरलं नाही. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. जे आहे ते एवढंच.” फालेसने डबी एक बोट पुढे सरकवली. “आता मी म्हणायला हवं की उगवलं नाही तरी चालेल. पण नाही चालणार, भाऊ.”

एप्पोने डबी घेतली. बढाई मारून झाली होती आणि ती परत ठेवायला टेबलावर जागा नव्हती.

२

एप्पो जन्मभर पाणी उपसायच्या पंपावर मिस्त्री होता. आमचा मुलूख समुद्राच्या पातळीखाली, पंप चार दिवस बंद पडला तर आमच्या गायी पोहायला शिकतील. चाळीस वर्षं त्याने एकच काम केलं: कुठे गळतं ते शोधायचं आणि बुजवायचं. निवृत्त झाल्यावर त्याने घराच्या माळ्यावर, उतरत्या कौलांखाली, धुराड्याच्या भिंतीला लागून फळ्यांची एक खोली केली. आतून पांढरा रंग दिला आणि छताला मोठा दिवा टांगला.

पाच झाडांपर्यंत आमच्याकडे पोलीस डोळेझाक करतो. झाडांवर दिवा टांगला की मात्र त्याला डोळे फुटतात. एप्पोकडे झाडंही होती आणि दिवाही. म्हणून गावचा हवालदार कॉफीला आला की जिन्याकडे पाठ करून बसायचा आणि वाऱ्यापावसावर फार मन लावून बोलायचा.

या आफ्रिकेतल्या झाडांना इथे उघड्यावर लावून उपयोग नाही. त्यांच्याकडे बारा महिने दिवस आणि रात्र सारखी. आमचा उन्हाळ्यातला दिवस रात्री दहापर्यंत रेंगाळतो, आणि झाड बिचारं संध्याकाळची वाट बघत वाढत राहतं, फुलत नाही. शेवटी रात्र मोठी होते तेव्हा पहिलं हिम पडून ते मरतं. म्हणून खोली. अकरा तास उजेड, तेरा तास अंधार, घड्याळाच्या काट्यावर.

रात्री माळा गारठून जातो, तेव्हा दिव्याची ऊब तिथेच कामी यावी म्हणून एप्पो दिवा संध्याकाळी आठला लावायचा आणि सकाळी सातला बंद. झाडांची रात्र म्हणून भर दिवसा व्हायची. आम्ही जेवायला बसायचो तेव्हा त्यांची मध्यरात्र. आणि ती रात्र मोडायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. अंधारात किल्लीच्या भोकाएवढा उजेड आला तरी फुलं बिघडतात. जायचंच झालं तर हिरव्या काचेची बॅटरी न्यायची, कारण तो रंग झाडांना दिसत नाही म्हणतात.

एकोणीस बियांतल्या पाच उगवल्या. दोन नर, तीन माद्या. बाजारातलं संकरित वाण आठ आठवड्यांत फुलून मोकळं होतं. ही झाडं आठ आठवड्यांत नुसती लांब झाली, छताला लागली, एप्पोने वाकवून सुतळीने बांधली तर बांधल्या जागेवरून पुन्हा वर निघाली. पानं बोटांसारखी निमुळती. ऑगस्टात पेरलेली, नाताळ आला तरी फुलतच होती. नाताळात एप्पोने नरांचा पराग रंगाच्या ब्रशने माद्यांच्या तुऱ्यांवर लावला, नर काढून टाकले, आणि बी धरायची वाट बघू लागला.

जानेवारीत एका मंगळवारी दुपारी बारा वाजता तो हिरवी बॅटरी घेऊन वर गेला, रोजच्यासारखा. भिंतीवर एक थर्मामीटर होता, दिवसातला सगळ्यांत चढा आकडा लक्षात ठेवणारा. सकाळी सातला दिवा बंद केला की एप्पो तो पुसून कोरा करायचा. बाहेर दोन अंश होते, पाऊस तिरका पडत होता, दिवा पाच तास बंद होता.

थर्मामीटरने लक्षात ठेवलेला आकडा होता तेहतीस.

३

एप्पोने आतला सेल बदलला. बुधवारी दुपारी चौतीस. त्याने थर्मामीटरच बदलला, स्वयंपाकघरातला आणून लावला. गुरुवारी तोही चौतीसच म्हणाला.

“स्वयंपाकघरातला थर्मामीटर कुठाय?” फ्राउकेने विचारलं.

“वर. जरा खोटं बोलतो का बघतोय.”

“घरात त्या कामाला माणूस असताना?”

आकड्यापेक्षा पानं वाईट होती. दिवा बंद झाला की ही झाडं पानं खाली सोडतात, माणूस खांदे सोडतो तशी. त्या दुपारी पानं उभी होती. आणि वरच्या दिव्याकडे नव्हे, सगळीच्या सगळी धुराड्याच्या भिंतीकडे वळलेली होती. बॅटरीच्या हिरव्या उजेडात तिन्ही झाडं भिंतीचं काहीतरी ऐकत असल्यासारखी दिसत होती.

गळती, एप्पोला वाटलं. उजेडाची गळती. हे मात्र त्याचंच काम होतं.

ती शोधायची रीत अशी, की खोलीत जायचं, दार लावायचं, बॅटरी विझवायची आणि पाव तास काही करायचं नाही. डोळे अंधाराला सरावले की सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा ताऱ्यासारखं दिसतं. एप्पोने बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि डोळे मिटून नऊशेपर्यंत मोजलं. कौलांवर पाऊस वाजत होता. झाडांचा ओला, तिखट वास होता. त्याने डोळे उघडले.

धुराड्याच्या भिंतीत, त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर, एक भोक होतं. त्यातून उजेडाची एक दोरी आत आली होती आणि मधल्या झाडाच्या एका पानावर टेकली होती. उजेड दिव्यासारखा पांढरा नव्हता आणि आमच्या जानेवारीतल्या दिवसासारखा राखाडीही नव्हता. पिवळा होता, जाड, मधासारखा. एप्पोने हात मध्ये धरला. तळहाताला चटका बसला.

त्याला पहिल्यांदा वाटलं ते इतकंच, की काय सुंदर आहे हे. भीती वाटायची नंतर आठवण झाली.

४

धुराडं पन्नास वर्षं बंद होतं. वरून शिशाचा पत्रा ठोकलेला, खाली बैठकीच्या खोलीत विटा लावून बुजवलेलं. भिंतीच्या पलीकडे धुराड्याची नळी, आणि नळीत काळोख व काजळी, याशिवाय काही असायला जागाच नव्हती. पत्रा निघाला असेल, एप्पोने स्वतःला सांगितलं. तो ओल्या शिडीवरून छपरावर चढला. पत्रा जागच्या जागी होता, वर कावळा बसला होता. मग खालचं काजळी काढायचं झाकण उघडून त्याने आरसा आत घातला. आरशात काळं.

“फ्राउके, इथे थांब आणि मी वरून ओरडलो की नळीत बॅटरी मार.”

“का?”

“उजेड कुठून जातो ते बघायचंय.”

“उजेड जात नाही, येतो. पाण्याशी संसार करून तुला सगळंच गळतंय असं वाटतं.” पण तिने बॅटरी मारली. वर भोकातून काही फरक पडला नाही. तो उजेड होता तसाच होता, कुणाच्या बॅटरीला भीक न घालता.

तो पाचाला पुन्हा वर गेला. बाहेर अंधारून आलं होतं, रस्त्यावरचे दिवे लागले होते. भोकात अजून ऊन होतं. एप्पो बादलीवर बसून बघत राहिला. सव्वापाचला ते नारिंगी झालं, मग लाल, आणि पाच मिनिटांत, कुणी फुंकर मारावी तसं, विझलं. आमच्याकडे संध्याकाळ ठरवायलाच तासभर घेते.

त्याने भोकाला नाक लावलं. आत ऊब होती, आणि वास. तापलेल्या मातीचा, जळत्या लाकडाचा, आणि आणखी काहीतरी खारट.

खाली आला तेव्हा फ्राउके माळ्याच्या जिन्याखाली धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. “फालेसने आज मासळी वाळत घातलीय का?” ती म्हणाली. “चादरींना वास येतोय.”

“पावसात कोण मासळी वाळवतं?”

“तेच म्हणते मी.”

“असेल, तिचंच असेल,” एप्पो म्हणाला, आणि त्याला फार बरं वाटलं. एक तरी गोष्ट दुसऱ्या कुणाची निघाली. मग त्याला आठवलं, की फालेस आठवडाभर मुलीकडे गेली आहे, आणि त्याने ते पुन्हा विसरायचा प्रयत्न केला.

५

आता एप्पोच्या जागी दुसरा कुणीही असता, म्हणजे ज्याने जन्मात कधी बंद खोलीत झाड लावलं नाही असा कुणीही शहाणा माणूस, तर तो पळाला असता किंवा पाद्रीबुवांना बोलावून आला असता. एप्पोने काळी चिकटपट्टी आणली. अंधार म्हणजे अंधार. तुऱ्यांत बी धरत होतं, आणि अशा वेळी उजेड शिरला तर सगळं बिघडणार, हे त्याला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. उजेड कुठून येतो हा प्रश्न निराळा. तो बुजवायचा हे नक्की. एवढे दिवस गळती असूनही तुरे असे भरले कसे, हा विचार त्याच्या मनात आला होता. पण पट्टी फाडायला दात लागतात, आणि दातांत पट्टी असली की विचार करता येत नाही.

त्याने भोकावर पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी दोन नवीन भोकं. ती बुजवली. तिसऱ्या दिवशी पाच. आठवडा संपेपर्यंत भिंतीवर सतरा काळ्या पट्ट्या झाल्या आणि खोली खरोखरची काळी झाली. थर्मामीटर बारावर आला. एप्पो समाधानाने दोन रात्री गाढ झोपला.

तिसऱ्या दिवसापासून झाडं मरू लागली.

पानं कडेने पिवळी पडली. दिवा लागला तरी उठेनात. एप्पोने पाणी बदललं, खत दिलं, खत बंद केलं, कुंड्यांखाली उबेची गादी घातली. तुऱ्यांतल्या बिया हिरव्या होत्या, वाढायच्या थांबल्या होत्या. फालेस मुलीकडून परत आली आणि संध्याकाळी आठला, दिवा लागल्यावर, तो तिला वर घेऊन गेला. लपवून ठेवायची लाज त्याला सांगायच्या लाजेपेक्षा जड झाली होती.

फालेसने तिन्ही झाडांची पानं उलटून पाहिली. मग तिने एक तुरा उकलला, एक बी काढली आणि नखात दाबली. पांढरा थेंब आला.

“दूध आहे. दाणा नाही,” ती म्हणाली. “काय केलंत तुम्ही यांना?”

“सगळं केलं. पाणी, खत, ऊब. अंधार तर असा दिला की स्वतःचा हात दिसू नये.”

“आजारी माणसाला सुनेने द्यावं तसं सगळं दिलंत. बाबा तर काहीच द्यायचे नाहीत. उन्हात लावायचे आणि उन्हाच्या वाटेतून बाजूला व्हायचे, संपलं.” तिने बोट पदराला पुसावं तसं स्वेटरला पुसलं. “भाऊ, डबीत आता काही नाही. तुम्हाला माहीत आहे ना? चौदा बिया कुजल्या तेव्हाच डबी मी धुऊन ठेवली.”

भिंतीवरच्या पट्ट्या तिने पाहिल्या. “हे काय?”

“भेगा,” एप्पो म्हणाला. आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते आणि घरोघरी भेगा आहेत, त्यामुळे यावर कुणी पुढे विचारत नाही.

६

फालेस गेल्यावर तो दिव्याच्या उजेडात भिंत बघत उभा राहिला. पट्ट्या त्याने दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवल्या होत्या, पंपाच्या नळाला बसवतात तशा. आता त्यांतल्या सगळ्यांत खालच्या पट्टीला मधोमध छिद्र होतं. पट्टीची फाटलेली कड खोलीच्या बाजूला, आत वळलेली होती.

उंदीर, एप्पोने स्वतःला सांगितलं. मग स्वतःच स्वतःला म्हणाला, उंदीर इतकं गोल कुरतडत नाही. गांधीलमाशी म्हणावं तर जानेवारीत कुठली? त्याने वाकून जमीन पाहिली. भिंतीच्या पायाशी वाळलेल्या गवताच्या काडीचा एक तुकडा पडला होता, बोटाच्या पेराएवढा. टोकाला लाल माती लागली होती. आमच्या गावची माती काळी, ओली आणि चिकट, चिखलाला वेगळा शब्द लागत नाही इतकी. लाल माती एप्पोने फक्त टेनिस खेळायच्या मैदानावर पाहिली होती, आणि तीही टीव्हीवर.

त्याने ती बोटांत चुरली. माती कोमट होती.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. फ्राउकेने विचारलं तेव्हा म्हणाला, “पोटात वायू.” तिने पांघरूण आपल्याकडे ओढलं आणि म्हणाली, “बुजवून टाक.”

७

सकाळी सातला दिवा बंद केल्यावर एप्पोने दार आतून लावलं आणि पट्ट्या काढायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो काही उघडत होता, बुजवत नव्हता. पहिली पट्टी निघाली आणि ऊन त्याच्या मनगटावर पडलं. मग दुसरी. फ्राउके खाली रेडिओ ऐकत होती, हवामानाच्या बातम्यांत दिवसभर पाऊस सांगत होते. सतरावी पट्टी निघाली तेव्हा तो मागे सरला आणि बादलीवर बसला.

सतरा दोऱ्या. तिरक्या, सगळ्या एकाच कलाने, एकाच दिशेने येणाऱ्या. त्यांत धूळ नाचत होती, सोन्याच्या किसासारखी. दोऱ्या तिन्ही झाडांवर टेकल्या होत्या आणि, हे एप्पोने पापणी न लववता पाहिलं, पानं हलत होती. वारा नव्हता. एकेक पान आपापल्या दोरीकडे हळूहळू वर येत होतं. खोलीत गरम होत गेलं. एप्पोने स्वेटर काढला. थोड्या वेळाने, का ते त्याला सांगता आलं नसतं, टोपीही काढली. तो लग्नानंतर चर्चमध्ये गेलेला नव्हता, आणि लग्नातही टोपी फ्राउकेनेच काढून घेतली होती.

नऊच्या सुमारास तो गुडघ्यांवर उतरला आणि सगळ्यांत खालच्या भोकाला डोळा लावला.

पहिल्यांदा नुसता पांढरा भपका. मग रंग वेगळे झाले. लाल उतार. हिरव्या दांड्यांची गर्दी, निमुळती पानं, आपल्या खोलीतल्यासारखीच पण कुणी न वाकवलेली, माणसाच्या दुप्पट उंच. फार खाली, झाडांच्या मधून, पाण्याची एक पट्टी, इतकी रुंद आणि इतकी चकचकीत की डोळ्यातून पाणी आलं. कुठेतरी लोखंड मातीत रुतल्याचा आवाज, थांबून, पुन्हा. हे सगळं एका विटेच्या जाडीपलीकडे होतं. काजळीने भरलेल्या नळीत. एप्पोला वाटलं, आपण म्हातारे झालो त्यात नवल नाही, एवढ्याशा घरात एवढं मोठं काही मावतं याचं नवल आहे.

लोखंडाचा आवाज थांबला. दांड्यांच्या सावलीत कुणीतरी उकिडवं बसलं होतं, ते उठलं. एप्पोला दिसली एक पाठ, घामाने ओली. खांद्यावर कुदळ. भेगाळलेली टाच. माणूस वळताना चेहरा उन्हाच्या आड गेला. पावलं जवळ आली, लाल धूळ उडाली, आणि भोक काळं झालं.

कुणीतरी पलीकडून डोळा लावला होता.

एप्पोच्या पापणीवर श्वास आला. गरम, धुराचा वास असलेला, म्हाताऱ्या माणसाचा सावकाश श्वास. किती वेळ गेला देव जाणे. मग एप्पोचं अंग त्याला न विचारता मागे फेकलं गेलं, बादली कलंडली, आणि तो जमिनीवर बसून त्या भोकाकडे बघत राहिला.

भोकातून गवताची एक काडी आत आली, बोटभर. नळी साफ करतात तशी सावकाश गोल फिरली. भोकाच्या कडेला चिकटलेला चिकटपट्टीचा काळा कपटा तिने अलगद आत ढकलला, तो एप्पोच्या बुटापाशी पडला. काडी मागे गेली. ऊन पुन्हा आत आलं, पहिल्यापेक्षा एक काडी जाड.

८

फेब्रुवारी संपता संपता भोकं आपोआप बंद झाली. म्हणजे एका सकाळी भिंत नुसती भिंत होती, बोट फिरवलं तरी कुठे खड्डा लागत नव्हता. तोवर तुरे करड्या रंगाचे होऊन जड झाले होते आणि धक्का लागला की आतून बिया गळत होत्या. एप्पोने पांढरी चादर अंथरून त्या गोळा केल्या. फ्राउकेने चादरीबद्दल काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दहाच्या कॉफीला फालेस आली. एप्पोने वाडगा तिच्यासमोर ठेवला. काठोकाठ नव्हता, पण मूठभर उचलली तर मूठभर उरतील एवढा होता. फालेसने एक बी घेतली, समोरच्या दातांत धरली आणि फोडली. कट्ट झालं. ती थोडा वेळ चावत राहिली.

“भरलंय,” ती म्हणाली. तिचा हात वाडग्यावर पालथा पडला आणि तिथेच राहिला. फ्राउकेने बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला. गावात हे कळलं असतं तर लोकांनी भिंतीतल्या उन्हापेक्षा यावर कमी विश्वास ठेवला असता.

मग एप्पोने सगळं सांगितलं. थर्मामीटर, चिकटपट्टी, उतार, पाणी, टाच, काडी. बायकोसमोर सांगताना तो दोनदा अडखळला. फ्राउकेने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि त्यामुळे तो आणखीच घाबरला. फालेस वाडग्यातल्या बियांकडे बघत ऐकत होती. खांद्यावरच्या कुदळीपाशी तिने एकदा डोळे मिटले, तेवढंच.

“तुम्हाला काय वाटतं, फालेसबाई?” शेवटी एप्पो म्हणाला. “मला वेड लागलं असेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही.”

“अगदी समोर आले होते?”

“या इथे, एवढ्यावर. श्वास लागला मला.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी? मी काय म्हणणार? मी मागे पडलो. बादली उलटली.”

फालेसने वाडगा जवळ ओढला आणि पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पोरकट पाहुण्याकडे पाहावं, तसं.

“इतक्या लांबून एक म्हातारा माणूस महिनाभर रोज तुमच्या भिंतीशी येऊन उभा राहतो, आणि तुम्ही त्याला साधं ‘बरे आहात ना’ एवढंसुद्धा विचारलं नाहीत?”